कडीचे बिल आणि शाळेचे मंत्रिमंडळ

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

भूगोलाचा पेपर देऊन परीक्षा केंद्रातून बाहेर पडले आणि माझी दहावी संपली. शाळेचा निरोप समारंभ त्याआधीच, जानेवारीअखेर, उरकला होता. गेले वर्षभर मी आमच्या शाळेच्या विद्यार्थी मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री होते, त्यामुळे निरोपाचे भाषण माझ्याकडे आले. भाषण तीन मिनिटांचे आणि ते दोन दिवस आधी लिहून दाखवायचे, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. मी लिहिलेल्या दीड पानापैकी अर्धे पान लाल शाईने छाटले गेले. ज्या सरांनी ते छाटले त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. ‘पाहुण्यांसमोर स्वच्छतागृहाचा विषय नको, बाळ,’ एवढेच ते म्हणाले. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच म्हटले असते. पण तो कागद माझ्या दप्तरात राहिला आणि परीक्षेनंतर पुन्हा वाचताना लक्षात आले की वर्षभरात मी जे काही काम केले ते सगळे त्या छाटलेल्या अर्ध्या पानात होते. उरलेल्या पानात नुसते आभार होते. म्हणून हे पत्र.

ज्यांच्या शाळेत असे मंत्रिमंडळ नव्हते त्यांच्यासाठी थोडे सांगते. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि जुलैत निवडणूक लागते. उमेदवारी अर्ज, माघार, चार दिवसांचा प्रचार हे सगळे असते. मतदान आता मोबाइलवरच्या मतदान यंत्रासारख्या ॲपवर होते. बटण दाबले की ‘बीप’ वाजतो आणि पाचवीतली मुले त्या आवाजासाठी पुन्हा रांगेत उभी राहतात. बोटाला शाई म्हणून मार्कर लावतात. मी ४१ मतांनी निवडून आले. मग शपथविधी झाला, मला भगव्या-पांढऱ्या रंगाचा पट्टा आणि छातीवर लावायचा बिल्ला मिळाला. शिस्तमंत्री, आरोग्यमंत्री, सहलमंत्री, सांस्कृतिक मंत्री अशी खाती वाटली गेली. आधीच्या मुख्यमंत्र्याकडून माझ्या हाती जे आले ते एवढेच: पट्टा आणि बिल्ला. त्याने वर्षभरात काय केले, काय मागितले, काय नाकारले गेले, याची एका ओळीचीही नोंद कुठे नव्हती. आम्ही अगदी पाटी कोरी करून सुरुवात केली, आणि मला आता कळते की दरवर्षी प्रत्येक मंत्रिमंडळ अशीच कोरी पाटी घेऊन सुरुवात करते.

काम काय होते, तर पाहुण्यांसमोर तबक धरणे, पुष्पगुच्छ वेळेवर पुढे करणे, प्रार्थनेच्या वेळी रांगा सरळ करणे, १५ ऑगस्टला ध्वजस्तंभाभोवती रांगोळी काढणे आणि ५ सप्टेंबरला शिक्षक होऊन एक दिवस शाळा चालवणे. ही कामे हलकी आहेत असे मी म्हणणार नाही. तबक हलू न देता दहा मिनिटे उभे राहणे वाटते तेवढे सोपे नाही. पण यातले कोणतेही काम करायला निवडणूक लागत नाही. हातातून काही सांडू नये म्हणून मते मागायची नसतात.

आता वहीची गोष्ट सांगते. ही गोष्ट मला फारशी भूषणावह नाही. आमची शाळा अकराची. प्रार्थना, राष्ट्रगीत, राज्यगीत आणि प्रतिज्ञा होईपर्यंत फाटक बंद असते, आणि जी मुले बाहेर राहतात त्यांची नावे लिहून घेण्याचे काम शिस्तमंत्र्याकडे आणि माझ्याकडे होते. ज्याचे नाव लिहिले त्याने पहिला तास संपेपर्यंत मैदानावर उभे राहायचे. जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट अशी दोन महिन्यांच्या आतबाहेरची ती वही माझ्या अक्षरात आहे. मी ती अगदी मन लावून लिहीत असे: तारीख, वर्ग, तुकडी, नाव, किती मिनिटे उशीर. मुख्याध्यापकांनी एकदा प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर त्या वहीचे कौतुक केले, आणि त्या दिवशी घरी जाऊन मी आईला दोनदा सांगितले.

सप्टेंबरमध्ये गणेशोत्सवाच्या सुटीनंतर मी ती वही सहज चाळली. एकूण ६३ नोंदी होत्या आणि त्यांतल्या चाळीसच्या वर नोंदी फक्त सात मुलांच्या होत्या. ही सातही मुले नाशिकजवळच्या गिरणारे आणि दुगाव या गावांच्या बाजूने एकाच बसने येणारी. सहावीतल्या एका मुलाचे नाव अकरा वेळा होते. त्याला बोलावून मी दरडावणीच्या स्वरात विचारले की तुला वेळेवर येता येत नाही का. तो खाली बघत म्हणाला, ‘ताई, मी नाही उशिरा येत, बस येते.’ मी त्याचे नाव अकरा वेळा लिहिले होते आणि का, हे एकदाही विचारले नव्हते. मला मत देणाऱ्यांत तोही असणार. त्याला मी कशासाठी हवी होते, आणि मी त्याच्यासाठी काय केले?

त्यानंतर आम्ही तीच वही उलटी धरून वापरली. सात मुलांपैकी जो बसमधून उतरेल त्याने स्टॉपवरच बसची वेळ लिहायची, असे ठरवले. १८ दिवस त्यांनी ती लिहिली. शाळेजवळच्या थांब्यावर बस १० वाजून ५० मिनिटांनी यायला हवी. त्या १८ दिवसांत ती ११ च्या आत फक्त पाच वेळा आली. टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की गिरणाऱ्याच्या बाजारात क्रेट भरलेल्या गाड्यांची गर्दी होते आणि तो रस्ता अडतो, हे आम्हा शहरातल्या मुलांना ठाऊकच नव्हते. त्या मुलांना ते जन्मापासून ठाऊक होते, पण त्यांना कोणी विचारले नव्हते. वेळांचा तक्ता जोडून आम्ही बस चालवणाऱ्या कार्यालयाला अर्ज दिला. त्याची पोच मिळाली, उत्तर आजतागायत आलेले नाही. तोच तक्ता मुख्याध्यापकांपुढे ठेवला तेव्हा मात्र त्यांनी तो दोन मिनिटे वाचला आणि त्या मार्गाच्या मुलांना १५ मिनिटांची सवलत तिथल्या तिथे दिली. बस सुधारली नाही; मैदानावर उभे राहणे थांबले. तक्ता नसता तर ‘सर, बस उशिरा येते’ हे वाक्य दरवर्षीप्रमाणे ‘घरून लवकर निघा’ या वाक्यावर आपटून परत आले असते.

आता कडी. मुलींच्या स्वच्छतागृहातल्या चार दारांपैकी दोन दारांना आतून कडी नव्हती. हे मी पाचवीत आल्यापासून असेच पाहत होते. मैत्रिणीने बाहेर उभे राहून दार ओढून धरायचे, ही आमच्याकडे पिढीजात चालत आलेली सोय होती. पाचवीतल्या मुलीला शाळेच्या पहिल्याच आठवड्यात ती कोणी तरी शिकवते. जिला त्या दिवशी मैत्रीण नसेल ती दिवसभर पाणीच पीत नाही. हे वाक्य मी भाषणात लिहिले होते आणि तेच पहिले छाटले गेले.

मंत्रिमंडळाच्या बैठकीत विषय मांडला तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली. वरून उत्तर आले की दुरुस्तीचे अंदाजपत्रक मार्चनंतर होईल आणि तेव्हा सगळी दारेच बदलायची आहेत. सगळी दारे बदलतील तेव्हा बदलतील. तोवर दोन कड्या. आमच्या आरोग्यमंत्र्याच्या वडिलांचे रविवार कारंजा या बाजारपेठेकडे येणे-जाणे असते. त्यांनी तिथल्या हार्डवेअरच्या दुकानातून दोन लोखंडी कड्या आणि पुडीभर स्क्रू आणून दिले. एकूण १४० रुपये झाले. आम्ही नऊ जणांनी वर्गणी काढली आणि त्यातही पाच रुपये उरले.

शाळेचे शिपाईकाका दुपारच्या सुटीत पेचकस घेऊन आले. जुनी कडी जिथे होती तिथली भोके झिजून मोठी झाली होती. स्क्रू नुसता फिरत राहायचा. काकांनी खिशातून काड्यापेटी काढली, तीन काड्यांची गुले मोडून टाकली, काड्या भोकात ठोकल्या, वरचा भाग हाताने मोडला आणि मग स्क्रू बसवला. तो गच्च बसला. दोन्ही दारांना मिळून वीस मिनिटेही लागली नाहीत. काका जाताना म्हणाले, ‘मला आधी कोणी सांगितलंच नाही.’ सहा वर्षे, शंभरेक मुली, आणि खरेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगायचे कोणी, कोणाला आणि कुठे लिहून, हे ठरलेलेच नव्हते.

मुले बोलू शकतील असे रस्ते कागदावर नाहीत असे नाही. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातले १२ वे कलम सांगते की मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे, आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या निकषांत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी आहे, आणि त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली, जिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. आपल्या राज्यात या समितीत दोन विद्यार्थीही घेतात आणि त्यांत किमान एक मुलगी असावी असे अपेक्षित आहे. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांतली तक्रारपेटी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांची पुन्हा आठवण करून दिली. आमच्याही शाळेत कार्यालयाच्या भिंतीवर तक्रारपेटी आहे. ती कार्यालयाच्या दारासमोरच आहे, त्यामुळे तिच्यात चिठ्ठी टाकणाऱ्याला सगळे पाहतात. एकदा ती उघडली तेव्हा मी हजर होते. आत चॉकलेटचे दोन कागद आणि ‘क्रिकेटचा तास वाढवा’ अशी एक चिठ्ठी निघाली. कडीविषयी एकही चिठ्ठी नव्हती. जी गोष्ट लाजेची वाटते ती पेटीत पडत नाही. ती विचारायला समोर कोणी तरी मुलगी लागते, आणि त्या मुलीकडे लिहून घेण्याची वही लागते.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. मंत्रिमंडळाला अधिकार द्या, असे मोघम मी म्हणत नाही. शाळा मुलांनी चालवावी असे मला वाटतही नाही. मला वाटते की निवडून आलेल्या मुलांच्या हाती दोन गोष्टी असाव्यात. एक, मागणीची वही. कोणी काय मागितले, कोणत्या तारखेला, आणि शाळेने काय उत्तर दिले, हे तिच्यात लिहावे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात सरकारी कार्यालयाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, हे आम्ही दहावीच्या राज्यशास्त्रात, ‘संविधानाची वाटचाल’ या पहिल्याच पाठात शिकलो. शाळेलाही तीच मुदत असावी. ‘नाही’ हे उत्तरही चालेल, पण ते लिहिलेले असावे, आणि कारणासकट. दुसरी गोष्ट, थोडे पैसे. वर्षाला दोन-तीन हजार रुपये, वर्गशिक्षकांच्या सहीने खर्च होणारे, ज्यातून कडी, नळाची तोटी, फळ्याजवळची ट्यूब, खेळाच्या सामानाच्या पेटीचे कुलूप अशा गोष्टी अंदाजपत्रकाची वाट न पाहता करता येतील. प्रत्येक खर्चाचे बिल वहीत चिकटवायचे आणि वर्षाअखेरीस हिशेब प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवायचा. हिशेब वाचून दाखवायचा आहे हे माहीत असले की निवडणुकीत उभे कोणी राहायचे, याचा विचार आपोआप बदलेल. माझ्या वेळी ज्याचा प्रचारफलक सर्वांत मोठा होता, तो उमेदवार बहुधा आधीच माघार घेईल.

यावर शिक्षक काय म्हणतील हे मला ठाऊक आहे, कारण त्यांनी ते मला सांगितले आहे. एका बाईंचे म्हणणे असे की, आमच्याकडे आधीच निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे, एवढा पसारा आहे. त्यात मुलांच्या वहीला उत्तरे कोण लिहीत बसणार? हे म्हणणे खरे आहे, आणि शिक्षकांना शिकवण्याव्यतिरिक्तची कामे कमी व्हावीत यासाठी मी या पत्रात मुद्दाम एक वाक्य खर्च करते. पण आमच्या वर्षभराच्या वहीत मागण्या आल्या त्या चौदा. महिन्याला दीड. त्यांतल्या निम्म्या अशा होत्या ज्या शिपाईकाकांनी किंवा आम्हीच मिटवल्या.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा असतो: दहावीच्या वर्षी हे कशाला? हा आक्षेप घेणारेच आम्हाला दहावीच्याच वर्षी तबक धरायला उभे करतात, त्यामुळे वेळेच्या मुद्द्यावर मी फार बोलणार नाही. तरी एक तोडगा सुचवते. मुख्यमंत्री नववीतून निवडावा आणि दहावीला त्याने किंवा तिने फक्त सल्ल्यासाठी बसावे. मग पुढच्या मंत्रिमंडळाला विचारायला कोणी तरी शाळेतच सापडेल.

तिसरा आक्षेप कोणी उघड घेत नाही, पण तो हवेत असतो, की यातून राजकारण शिरेल. मी माझ्या मोठ्या मावसभावाला त्याच्या महाविद्यालयातल्या निवडणुकांविषयी विचारले तेव्हा तो हसला. राज्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका १९९० च्या दशकात, हिंसेच्या कारणाने, बंद झाल्या; २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यांना पुन्हा वाट करून दिली, पण २०१९ मध्ये जाहीर झालेले वेळापत्रकही पुढे ढकलले गेले. म्हणजे मी पुढे पदवीला जाईन तेव्हाही माझ्यासाठी मतपेटी असेल याची खात्री नाही. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती मार्च १९८९ पासून लागू आहे, आणि ती करताना असे गृहीत धरले होते की अठराव्या वर्षी मुले जाणती असतात. ती जाणती कुठे होतात? शाळेतल्या मोबाइलच्या ‘बीप’वर नक्कीच नाही. माझ्यापुरते सांगायचे तर मी लोकप्रतिनिधी म्हणजे काय हे शपथविधीला शिकले नाही. सहावीतल्या त्या मुलाच्या एका वाक्याने शिकले, आणि तेही अकरा नोंदी उशिराने.

आमच्या शाळेविषयी वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून हेही लिहायला हवे की तीच शाळा मला फार आवडते. संस्कृतच्या बाईंनी सुभाषिते शिकवताना घेतलेले तास, पावसाळ्यात मैदानावर साचलेल्या पाण्यात होणारा क्रीडा तासाचा विचका, प्रयोगशाळेतल्या मावशींनी परीक्षेच्या दिवशी हळूच दिलेली खोबऱ्याची वडी, हे सगळे माझ्या भाषणाच्या न छाटलेल्या भागात होते आणि ते खोटे नव्हते. शिक्षकांनी मला लिहायला, तक्ता करायला, दोन बाजू मांडायला शिकवले; या पत्राचे व्याकरण त्यांचेच आहे. शाळेचे नाव इथे देत नाही, कारण शहरातल्या ज्या ज्या शाळांतल्या मैत्रिणींशी मी परीक्षा केंद्रावर बोलले त्यांतल्या कोणाच्याही मंत्रिमंडळाकडे वही नव्हती, आणि एकाच शाळेकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल.

निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी मी नववीतल्या एका मुलीला वर्गाबाहेर बोलावले. पुढच्या जुलैत ती उभी राहणार असल्याचे ती आत्ताच सगळ्यांना सांगत फिरते. निवडून येईल की नाही हे मला माहीत नाही, आणि वही द्यायला निवडून यायची वाट पाहावी असेही मला वाटले नाही. मी तिला ती दिली: एका बाजूने उशिरा येणाऱ्यांची, उलटी धरली की बसच्या वेळांची आणि मागण्यांची. पट्टा आणि बिल्ला कार्यालयात जमा करावे लागतात, ते मी केले. तिने तिथेच उभ्या उभ्या पाने उलटली, मागण्यांच्या यादीवर बोट फिरवत खाली आली, कडीच्या नोंदीशी थांबली आणि म्हणाली, ‘ताई, १४० रुपये लिहिलेत, पण बिल कुठंय?’

बिल माझ्या कंपासपेटीत होते. घरून आणून दुसऱ्या दिवशी मी ते तिला दिले, आणि तिने ते माझ्यासमोर डिंकाने चिकटवले.

आपली नम्र,
दहावीची एक विद्यार्थिनी,
नाशिक